सूर्याहून हलक्या कृष्णविवरांचा शोध

तारा संपल्यावर उरलेला गाभा सूर्याच्या सुमारे 1.4 पटीपर्यंत असेल तर तो श्वेतबटू म्हणून टिकतो, हे चंद्रशेखर यांनी दाखविले. त्याहून जड गाभ्याचा न्यूट्रॉन तारा होतो आणि आणखी जड असेल तरच कृष्णविवर. म्हणजे सूर्याहून हलके कृष्णविवर सापडलेच, तर ते ताऱ्यापासून झालेले नसणार. मग ते आले कोठून? विश्वाच्या आरंभी जेथे घनता फार वाढली होती, तेथील द्रव्य कोसळून 'आद्य कृष्णविवरे' बनली असावीत, असा विचार हॉकिंग यांनी 1971 मध्ये मांडला. विश्वातील कृष्णद्रव्याचा काही भाग हाच असेल काय, याचे आम्हाला कुतूहल आहे.

अशी दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरताना गुरुत्वीय लहरींवाटे ऊर्जा गमावतात, जवळ येतात आणि लहरींची वारंवारता चढत जाते. वस्तुमान कमी तितकी ही चढण संथ. 14 सप्टेंबर 2015 रोजी 'लायगो'ने टिपलेली लहर सूर्याच्या 36 व 29 पट वस्तुमानांच्या जोडीची होती; ती सुमारे 0.2 सेकंदात आटोपली. प्रत्येकी 0.2 सूर्य वस्तुमानाच्या जोडीला 40 हर्ट्झपासून शेवटापर्यंत दहा मिनिटे लागतील!

गोंगाटात बुडालेली लहर ओळखण्यासाठी तिचा नमुना आधी गणिताने काढून नोंदीशी जुळवून पाहतात. या पद्धतीच्या विकासात पुण्याच्या 'आयुका'तील संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांचा वाटा मोठा आहे. मात्र दहा मिनिटांच्या लहरीत हजारो फेरे असतात. वस्तुमान किंचित चुकले तरी नमुना व लहर यांचा मेळ तुटतो, म्हणून नमुने प्रचंड संख्येने लागतात.

शिवाय लहर क्षीण असते. दोन्ही वस्तुमाने निम्मी केली की ती जेथपर्यंत ओळखता येते ते अंतर सुमारे 56 टक्क्यांवर येते. मग अवकाशाचा किती भाग आपल्या टप्प्यात उरतो? (विद्यार्थ्यांना 0.56 चा घन करायला सांगावा.)

श्वेतबटूही हलके असतात; मग गल्लत होणार नाही का? नाही. श्वेतबटू साधारण पृथ्वीएवढा, तर अर्ध्या सूर्याच्या कृष्णविवराचा व्यास जेमतेम 3 किलोमीटर. लायगोला ऐकू येण्याइतक्या वेगाने फिरण्यापूर्वीच श्वेतबटू एकमेकांवर आदळतील.

2015 ते 2020 मधील तीन निरीक्षणसत्रांत अशी एकही खात्रीची लहर मिळाली नाही. आम्ही हे अपयश मानत नाही. अशा जोड्या विपुल असत्या तर काही तरी दिसल्याच असत्या, म्हणून त्यांच्या संख्येवर वरची मर्यादा घालता येते. अर्थात आरंभीच्या विश्वात जोड्या कशा जुळल्या याविषयीचे गृहीतक बदलले, की ही मर्यादाही सरकते.