‘करार’ आणि ‘मंडळी’ : प्युरिटन परंपरेचा मराठी मुलुखातील वारसा

‘प्युरिटन’ ही संज्ञा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये प्रथम उपहासाने वापरली गेली. राणी एलिझाबेथच्या अमदानीत (१५५८–१६०३) राष्ट्रीय चर्चची सुधारणा अपुरी राहिली, असे मानणारा हा पक्ष होता. बिशपांची सत्ता, पुरोहिती वस्त्रे, मूर्ती आणि कर्मकांड यांना शास्त्राधार नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉपच्या नेतृत्वाखाली या पंथाच्या मोठ्या समुदायाने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे वसाहत केली. इंग्लंडात मात्र १६६२ च्या कायद्यानंतर सुमारे दोन हजार धर्मोपदेशकांना आपली पदे सोडावी लागली.

प्युरिटन विचाराच्या मुळाशी दोन कल्पना आहेत. मनुष्याचा उद्धार त्याच्या पुण्यकर्मावर नव्हे, तर ईश्वराच्या पूर्वनियोजित निवडीवर अवलंबून आहे, ही पहिली. ईश्वर आणि त्याची प्रजा करारबद्ध आहेत, ही दुसरी. या दुसरीतूनच चर्चची निराळी व्याख्या निघाली. परस्परांशी करार करून एकत्र आलेले श्रद्धावंत म्हणजेच चर्च. आपला पाळक निवडण्याचा अधिकार त्यांचाच. प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचले पाहिजे, या आग्रहामुळे साक्षरता हे धर्मकर्तव्य ठरले. पन्नास कुटुंबांच्या गावाने शिक्षक नेमावा, असा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये १६४७ मध्येच झाला.

या परंपरेच्या वारसांनी १८१० मध्ये अमेरिकन मिशनरी बोर्ड स्थापिले. त्याचे प्रतिनिधी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस उतरले. १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे केंद्र निघाले आणि १८४२ मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. नाशिक येथे मात्र १८३२ पासून अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटीचे कार्य चालू झाले. शरणपूर ही वसाहत तिचीच. म्हणजे इंग्लंडात ज्या दोन पक्षांचा कलह झाला, त्यांचे उत्तराधिकारी गोदावरीकाठी आणि सीनाकाठी शेजारी म्हणून नांदले.

भाषेच्या दृष्टीने या इतिहासातील दोन शब्द विचारणीय आहेत. बायबलच्या मराठी अनुवादात ईश्वराच्या वचनबंधासाठी ‘करार’ हा शब्द रूढ झाला. तो मूळचा अरबी, फारसीच्या द्वारे मराठी व्यवहारात आलेला. ‘व्रत’ किंवा ‘संकल्प’ हे शब्द एकट्याचा निश्चय दर्शवितात. ‘करार’ दोन पक्षांना बांधतो. चर्चसाठी रुळलेला ‘मंडळी’ हा शब्दही असाच अर्थपूर्ण आहे. तो इमारतीस लागू पडत नाही. माणसांनाच लागू पडतो. हे शब्द केवळ अमेरिकनांचे नव्हेत, सर्वच प्रोटेस्टंटांनी ते वापरले. तथापि प्युरिटन सिद्धान्ताचा आशय त्यांत सहज सामावतो.

तत्त्व व व्यवहार यांतील अंतर मात्र लपत नाही. मंडळी स्वायत्त, हा सिद्धान्त. परंतु निधी बोस्टनहून येई आणि वेतन मिशन देई. नारायण वामन टिळक यांच्या चरित्रात हा प्रश्न तीव्रतेने उभा राहतो. नाशिकात काही काळ विद्याध्ययन केलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्याचे द्वार खुले होते. प्युरिटनांनी उपासनेत स्तोत्रगायनापलीकडचे संगीत वर्ज्य मानले होते. टिळकांनी अभंग आणि कीर्तन उपासनेत आणले.

वरवर पाहता हा प्युरिटन वारशाचा त्याग वाटेल. वस्तुतः बाह्य सत्तेपेक्षा अंतःकरणाची साक्ष श्रेष्ठ, हा त्या पंथाचाच मूळ आग्रह होता. नाशिकजवळील जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये या स्थित्यंतराची कौटुंबिक किंमत नोंदविली आहे. पतीच्या धर्मांतरानंतर त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, पाच वर्षांनी. करार दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही, या तत्त्वाचे याहून बोलके उदाहरण मराठीत विरळा.