दात, पाणी आणि औषधाची बाटली

आपल्या बीड जिल्ह्यात एखाद्या मुलाचे दात पिवळट, तपकिरी दिसले की आपण लगेच म्हणतो, "बोअरच्या पाण्यानं झालं." पुष्कळदा ते खरेही असते. इथल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, आणि ते पाणी उकळून उपयोग नाही बरं का. पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच राहते. पण दर वेळी दोष पाण्याचाच नसतो.

दाताचे एनॅमल, म्हणजे वरचे टणक कवच, दात दिसण्याच्या कितीतरी आधी घडते. दुधाच्या दातांचे आईच्या पोटात चौथ्या महिन्यापासून, तर पहिल्या कायमच्या दाढेचे जन्माच्या सुमारास. मोडलेले हाड सांधते. एनॅमल एकदा बिघडले की शरीर ते पुन्हा घडवत नाही.

टेट्रासायक्लिनची गोष्ट जुनीच. या गटातले पहिले औषध, ऑरिओमायसिन, 1948 मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीतून आले. तिथल्या संशोधनाचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. औषध गुणाचे, पण ते कॅल्शियमला चिकटते आणि त्या वेळी घडत असलेल्या दातात जाऊन बसते. दात आधी पिवळा, मग उजेडाने तपकिरी. घासून जात नाही. म्हणून गरोदरपणाच्या उत्तरार्धात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्टर ते सहसा टाळतात.

आता मुलांना बहुधा अमॉक्सिसिलिन देतात. त्याने असा रंग चढत नाही. मात्र काही मुलांच्या पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे दात ठिसूळ, डागाळलेले येतात. या दोषाला 2001 मध्ये मोलर-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन असे लांबलचक नाव मिळाले. लहानपणी घेतलेल्या अँटिबायोटिकशी त्याचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. पण औषध दिले ते ताप होता म्हणूनच ना? दात तापाने बिघडला की औषधाने, हे अजून नक्की वेगळे काढता आलेले नाही.

तेव्हा न्यूमोनिया झालेल्या बाळाचे औषध दातांच्या भीतीने कुणी थांबवू नये. दातावरचा डाग परवडला! टाळायची ती मागच्या आजारातली उरलेली बाटली, शेजारणीकडची गोळी. ऊसतोडीला गेलेल्या बाईला हे सांगणे सोपे, पाळणे अवघड. कोपीवर रात्री बाळ तापले, तर ती कुठे जाणार? तिला दोष देण्यात अर्थ नाही. निदान औषधाच्या चिठ्ठ्या लसीच्या कार्डासोबत एका पिशवीत ठेवाव्या, म्हणजे नव्या गावच्या डॉक्टरला आधी काय दिले ते कळते.

आणखी एक. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, नवी दाढ येते. शाळेत मी आयांना विचारते तर पुष्कळजणी म्हणतात, "दुधाचीच आहे, पडेल." ती पडायची नसते हो! पाण्याच्या फ्लोराइडचे डाग बहुधा दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे असतात. या दोषात एक दाढ खराब तर दुसरी चांगली असेही दिसते. दाढ खडूसारखी किंवा पिवळट असेल, गार पाण्याने मूल कळवळत असेल, तर बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवावी. वेळेवर गेले तर सिमेंट भरून ती राखता येते. फार फुटली तर स्टीलची टोपी बसवतात, तीही चालते. पण तोवर मूल एकाच बाजूने चावायला शिकलेले असते.