भटक्या जनुकांची चाकरी

जनुकाचे कार्य ओळखावयाचे तर ते मोडून पाहावे, ही जिवाणुशास्त्रातील जुनी वहिवाट होय. परंतु किरणांनी वा रसायनांनी घडविलेले उत्परिवर्तन आपल्या ठिकाणाची कसलीही खूण मागे ठेवीत नसल्याने, त्याचा ठावठिकाणा लावण्यातच संशोधकाची उमेद खर्ची पडे. बार्बरा मॅक्क्लिंटॉक यांनी 1940 च्या दशकात मक्यात जागा बदलणारे जनुकघटक दाखवून दिले होते. 1963 मध्ये टेलर यांनी ई. कोलायच्या गुणसूत्रात वाटेल तेथे घुसून जनुके निकामी करणारा म्यू विषाणू उजेडात आणला, आणि 1974 मध्ये हेजेस व जेकब यांनी प्रतिजैविकरोधी गुण घेऊन हिंडणाऱ्या घटकास ट्रान्सपोझॉन हे नाव दिले.

इस्पितळांना धास्तावणारा हा गुणच प्रयोगशाळेच्या कामी यावा, ही कल्पना मला त्या सबंध कालखंडातील सर्वांत चतुर वाटते. 1975 मध्ये नॅन्सी क्लेकनर, डेव्हिड बॉटस्टाइन व सहकाऱ्यांनी पी22 विषाणूकरवी टीएन10 हा टेट्रासायक्लीन या प्रतिजैविकाचा रोध बाळगणारा घटक साल्मोनेलात सोडला. तो ज्या पेशीच्या गुणसूत्रात स्थिरावला तीच टेट्रासायक्लीन घातलेल्या बशीवर वाढते. अशा वसाहतींचे ठसे मखमलीवर उचलून हिस्टिडीन नसलेल्या बशीवर उमटवावेत, आणि तेथे जी वसाहत उगवणार नाही, तिचे हिस्टिडीन घडविणारे एखादे जनुक मोडले असे बहुधा समजावे. शिवाय मोडतोड आणि टेट्रासायक्लीनरोध एकाच जागी असल्याने, रोधाची निवड केली की उत्परिवर्तनही निमूटपणे दुसऱ्या वाणात येते. घटक जनुकाच्या नुसत्या शेजारी बसला असला, तरी त्याच्या आधाराने ते जनुक बहुतेक वेळा हलविता येते. या साऱ्या युक्त्यांची पद्धतशीर मांडणी क्लेकनर, रॉथ आणि बॉटस्टाइन यांनी 1977 मध्ये केली.

पुढे कसादाबान आणि कोहेन यांनी 1979 मध्ये म्यूला, ज्यांचे कार्य सहज मोजता येते अशी लॅक जनुके जोडून, मोडलेले जनुक कधी कार्यान्वित होते हेही वदवून घेतले. या साधनात खोटही होती: घुसलेला तुकडा त्याच ओळीतील पुढची जनुकेही बंद पाडी, त्यामुळे निरपराध जनुकावर आळ येई, आणि जगण्यास अनिवार्य असलेले जनुक मोडले की पेशीच मरत असल्याने, त्याचा दाखला हाती लागत नसे. 2009 मध्ये डीएनए-वाचनाची जोड मिळताच ही उणीवच उपयोगी पडली. विषमज्वराच्या जिवाणूची दहा लाखांहून अधिक उत्परिवर्ते एकत्र वाचली असता, सुमारे साडेतीनशे जनुकांत घटक जवळजवळ कोठेच बसलेला आढळला नाही. तीच त्याची अनिवार्य जनुके ठरली.