क्लाउड क्लस्टरांचा स्वयंचलित शोध

क्लाउड क्लस्टरांचा स्वयंचलित शोध ही माहिती तंत्रज्ञान मालमत्तेची नोंदवही तयार करण्याची व ती अद्ययावत ठेवण्याची एक पद्धत आहे. एखाद्या संस्थेने क्लाउड सेवापुरवठादारांकडे भाड्याने घेतलेले संगणकांचे गट, म्हणजेच क्लस्टर, किती आहेत, ते कोठे चालतात, त्यांच्यावर कोणते सॉफ्टवेअर आहे आणि त्यांची जबाबदारी कोणाकडे आहे, ही माहिती या पद्धतीत माणसाने हाताने भरण्याऐवजी संगणकप्रणाली स्वतः गोळा करते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने कुबरनेटीस या प्रणालीवर चालणाऱ्या क्लस्टरांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत जडवस्तू संग्रह नोंदवही, म्हणजे बोलण्यातले डेड स्टॉक रजिस्टर, ठेवण्याची प्रथा आहे. बाक, कपाट, घड्याळ अशा प्रत्येक वस्तूवर क्रमांक रंगवलेला असतो आणि ठरावीक काळाने नोंदवही व वस्तू यांची प्रत्यक्ष पडताळणी होते. संगणकांची नोंदही आरंभी अशीच ठेवली जाई. पुढे कार्यालयातील जाळ्यावरच्या प्रत्येक पत्त्याला क्रमाने संदेश पाठवून, उत्तर देणाऱ्या यंत्राची नोंद करणारी साधने आली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एसएनएमपी या नियमावलीचा त्यासाठी मोठा उपयोग झाला. या सर्व पद्धतींमागे एक गृहीतक होते: वस्तू एका जागी असते आणि पुढच्या पडताळणीपर्यंत टिकते.

क्लाउडमध्ये हे गृहीतक कोसळते. गूगलने २०१४ साली जाहीर केलेल्या व जुलै २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या कुबरनेटीसचे नाव सुकाणू धरणारा नाविक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. या प्रणालीत सॉफ्टवेअर 'पॉड' नावाच्या लहान घटकांत चालते. हे पॉड 'नोड' म्हटल्या जाणाऱ्या यंत्रांवर ठेवले जातात आणि कोणता पॉड कोठे ठेवायचा हे नियंत्रण-स्तर ठरवतो. काम वाढले की पॉड वाढतात, कमी झाले की नाहीसे होतात. एखादा पॉड काही मिनिटेच जगतो. रात्री एकदा पत्ते तपासणाऱ्या साधनाला तो दिसण्याची शक्यता फार थोडी, आणि दिसला तरी सकाळी तोच पत्ता दुसऱ्याच पॉडकडे गेलेला असू शकतो.

शोधाची पद्धत

या अडचणीमुळे शोधाची दिशाच बदलावी लागते. यंत्रांना हाका मारत फिरण्याऐवजी, ज्याच्याकडून ती भाड्याने घेतली त्यालाच यादी विचारली जाते. प्रत्येक सेवापुरवठादार त्यासाठी एपीआय, म्हणजे प्रणालींनी परस्परांशी बोलण्याचा ठरलेला मार्ग, उपलब्ध करून देतो. ॲमेझॉनच्या ईकेएस, गूगलच्या जीकेई आणि मायक्रोसॉफ्टच्या एकेएस या व्यवस्थापित सेवांमधील क्लस्टरांची यादी अशा प्रकारे मिळते.

ही विचारणा वाटते तितकी सोपी नाही. ॲमेझॉनच्या सेवेत क्लस्टरांची यादी प्रत्येक खात्यासाठी आणि प्रत्येक भौगोलिक प्रदेशासाठी स्वतंत्रपणे मागावी लागते. समजा, पुण्यातील एखादी कंपनी आपले सर्व काम २०१६ साली सुरू झालेल्या मुंबई प्रदेशात करते आणि शोधप्रणालीलाही तेवढाच प्रदेश सांगितलेला आहे. अशा वेळी एखाद्या अभियंत्याने चाचणीपुरता उत्तर व्हर्जिनियात उभारलेला क्लस्टर यादीत येत नाही, आणि काही चुकल्याचा संदेशही येत नाही. यादी पूर्ण दिसते. ती अपुरी आहे हे तिच्याकडे पाहून कळत नाही. म्हणून वापरात नसलेले प्रदेशही तपासणे हा या कामातील पहिला नियम मानावा लागतो. उत्तरे पानापानांनी येतात, हेही लक्षात ठेवावे लागते: ईकेएसच्या यादीत एका पानावर जास्तीत जास्त १०० नावे असतात. पुढचे पान न मागणाऱ्या प्रणालीच्या दृष्टीने १०१ वा क्लस्टर अस्तित्वातच नसतो. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर रिसोर्स ग्राफमध्ये मात्र एकाच प्रश्नात अनेक सदस्यत्वांतील साधनसामग्रीची माहिती मिळू शकते.

सेवापुरवठादाराच्या यादीतून क्लस्टरचे नाव, आवृत्ती, प्रदेश आणि त्यावर लावलेली लेबले कळतात. आतील पॉड व सॉफ्टवेअर यांची माहिती मात्र क्लस्टरच्या स्वतःच्या एपीआय सर्व्हरला विचारावी लागते. त्यासाठी शोधप्रणालीला फक्त वाचनाचा अधिकार पुरेसा असतो, आणि त्याहून अधिक देऊ नये. कुबरनेटीसमधील 'व्ह्यू' ही तयार भूमिका गोपनीय मूल्ये वाचू देत नाही, ही चांगली गोष्ट. पण तिच्यात नोडची माहिती वाचण्याचाही अधिकार नसतो, तो वेगळा द्यावा लागतो. एपीआय सर्व्हर बाहेरच्या जाळ्यातून दिसत नसेल, तर क्लस्टरच्या आतच एक लहान प्रतिनिधी-कार्यक्रम ठेवून तो माहिती बाहेर पाठवतो.

पॉड अल्पायुषी असल्याने केवळ ठरावीक वेळी यादी घेऊन भागत नाही. कुबरनेटीसमध्ये बदलांवर सतत लक्ष ठेवण्याची 'वॉच' सुविधा आहे. प्रणालीतील घटनांच्या नोंदी मूळ मांडणीत १ तासच ठेवल्या जातात, त्यामुळे उशिरा पोहोचणाऱ्याला त्या सापडत नाहीत. याच कारणाने नोंदवहीत प्रत्येक पॉड न लिहिता, तो ज्या स्थिर मांडणीतून निर्माण होतो ती लिहिणे अधिक शहाणपणाचे ठरते.

ओळख आणि दुबार नोंदी

बाकावर क्रमांक रंगवता येतो, क्लस्टरवर नाही. दोन खात्यांत 'टेस्ट' याच नावाचे दोन क्लस्टर असणे ही नित्याची गोष्ट आहे. कुबरनेटीस क्लस्टरला स्वतःचा असा अंगभूत ओळखक्रमांक देत नाही. म्हणून प्रत्येक क्लस्टरमध्ये असणाऱ्या 'कुब-सिस्टिम' या विभागाचा अद्वितीय क्रमांक हाच क्लस्टरचा क्रमांक मानण्याचा प्रघात पडला आहे. दुसरी अडचण दुबार नोंदीची: एकच यंत्र सेवापुरवठादाराच्या यादीत आभासी संगणक म्हणून आणि क्लस्टरच्या यादीत नोड म्हणून येते. नोडच्या नोंदीतील 'प्रोव्हायडर आयडी' या रकान्यावरून दोन्ही नोंदी जुळवता येतात. उलट प्रकारही घडतो. ॲमेझॉनच्या फारगेट सेवेवर चालणारे पॉड ग्राहकाच्या आभासी संगणकांच्या यादीत दिसतच नाहीत, त्यामुळे केवळ त्या यादीवर विसंबणाऱ्याला क्लस्टर रिकामा वाटू शकतो.

उपयोग

विसरलेल्या क्लस्टरचे भाडे चालूच राहते. ईकेएसमध्ये एका क्लस्टरच्या नियंत्रण-स्तरासाठी ताशी ०.१० डॉलर, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्याला ७२ डॉलर आकारले जातात. यंत्रांचा खर्च वेगळा. कुबरनेटीसची आवृत्ती जुनी होऊन तिचा नेहमीचा आधारकाळ संपला आणि क्लस्टर विस्तारित आधारात गेला, की हाच दर ताशी ०.६० डॉलर होतो. कोणी पाहत नसलेला क्लस्टर असा सहापट महाग होतो.

सुरक्षेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये रेडलॉक या सुरक्षा कंपनीने टेस्लाच्या एका कुबरनेटीस नियंत्रण-पटलाला संकेतशब्दच नसल्याचे आणि त्यातून शिरलेल्यांनी तेथे कूटचलनाचे उत्खनन चालवल्याचे उघड केले. केवळ नोंद असती तर हे टळले असते असे म्हणता येत नाही. पण जो क्लस्टर यादीतच नाही, त्याच्या कुलपाची तपासणी कोणी करत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या सॉफ्टवेअरमधील त्रुटी प्रसिद्ध झाली, तेव्हा ते आपल्याकडे कोठे कोठे वापरले आहे, हेच अनेक संस्थांना प्रथम शोधावे लागले. सीआयएस या संस्थेच्या सुरक्षा-नियंत्रणांत मालमत्तेची यादी पहिल्या आणि सॉफ्टवेअरची यादी दुसऱ्या क्रमांकावर आहे, ते यासाठीच. भारतात सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. बाधित क्लस्टर कोणाचा, याच्या शोधातच त्यातले काही तास गेले, तर ही मुदत पाळणे अवघड होते.

मर्यादा

जबाबदार व्यक्तीचे नाव यंत्राला आपोआप कळत नाही. ते लेबलात लिहिलेले असेल तरच मिळते, आणि लेबल लिहिणे हे माणसाचेच काम आहे. भाड्याच्या साध्या यंत्रांवर कोणी स्वतः उभारलेला क्लस्टर व्यवस्थापित सेवांच्या यादीत येत नाही. तो यंत्रांवरील चालू कार्यक्रम किंवा उघडी द्वारे तपासूनच सापडतो. ज्या खात्याची माहिती संस्थेलाच नाही, तेथे तर ही सारी पद्धत निरुपयोगी ठरते. एखाद्या विभागाने परस्पर उघडलेली अशी खाती हुडकण्यासाठी लेखा विभागाकडे आलेल्या क्रेडिट कार्डाच्या बिलांत सेवापुरवठादारांची नावे तपासावी लागतात.