प्रतिपिंडांचा संत्री आणि कर्करोगाची खूण

कॅडेट मित्रांनो, ताप आला म्हणून तुम्ही एमआय रूममध्ये जाता तेव्हा आधी थर्मामीटर लावतात. १०२ हा आकडा सांगतो की शरीरात काहीतरी बिघडले आहे. मलेरिया आहे की फ्लू, हे तो सांगत नाही. शरीरातील अशा मोजता येणाऱ्या खुणेला बायोमार्कर किंवा जैवचिन्हक म्हणतात. मी जीवशास्त्र शिकवतो. कर्करोगाचा विषय निघाला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "सर, एका तपासणीत कर्करोग कळत नाही का?" त्याचे उत्तर मी एका ग्राहीच्या, म्हणजे रिसेप्टरच्या, उदाहरणाने देतो. त्याचे नाव एफसीआरएन.

बाळ जन्मते तेव्हा त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती कच्ची असते. आईच्या रक्तातील आयजीजी जातीची प्रतिपिंडे गर्भातच वारेतून बाळाकडे येतात आणि पहिले काही महिने त्याचे रक्षण करतात. ही ने-आण एफसीआरएन करतो. वेल्समधील बँगोरचे प्राणिशास्त्रज्ञ ब्रॅम्बेल यांनी १९६४ मध्ये सहकाऱ्यांसह असा तर्क मांडला, की प्रतिपिंडांना रक्तात दीर्घकाळ टिकवणारी व्यवस्थाही याच प्रकारची असावी. त्या वेळी हा ग्राही कोणी पाहिलेला नव्हता. त्याचे जनुक १९८९ मध्ये हाती लागले आणि पुढे तो तर्क खरा ठरला.

हे काम चालते कसे? रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी रक्तद्रवाचे घोट सतत घेत असतात. घोटातील प्रथिने लयकारिकेकडे जातात आणि तिथे त्यांचे तुकडे होतात. वाटेत आम्लता वाढते, पीएच ६ च्या आसपास येतो, आणि तेव्हाच एफसीआरएन प्रतिपिंडाला पकडतो. त्याला तो पेशीच्या पृष्ठभागावर परत आणतो. रक्ताचा पीएच ७.४ असतो, तिथे पकड सुटते आणि प्रतिपिंड पुन्हा ड्यूटीवर रुजू होते. गेटवरचा संत्री गणवेश ओळखून आत-बाहेर सोडतो, तसेच हे आहे. प्रतिपिंडाची टोके शत्रूप्रमाणे वेगवेगळी असतात, पण एफसी नावाचा बुंधा हा त्यांचा गणवेश. या संत्र्यामुळे आयजीजीचे अर्धायुष्य सुमारे २१ दिवस भरते. अल्ब्युमिन या प्रथिनालाही तो असाच वाचवतो.

याचा फायदा आपल्या बेंगळुरूमध्ये तयार होणाऱ्या औषधालाही मिळतो. स्तनाच्या काही कर्करोगांवर वापरले जाणारे ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंड-औषध येथील बायोकॉन कंपनीने २०१४ मध्ये भारतीय बाजारात आणले. ते दर तीन आठवड्यांनी देऊन चालते, कारण त्याच्या अंगावरही तोच गणवेश आहे.

आता कर्करोगाकडे वळू. फुप्फुसाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात संशोधकांनी गाठीचा ऊतक आणि शेजारचा निरोगी ऊतक ताडून पाहिला. गाठीत एफसीआरएन कमी आढळला. ज्यांच्यात तो जास्त होता, त्या रुग्णांची पुढील वाटचाल तुलनेने बरी होती. उंदरांवरील प्रयोगांतून एक कारण पुढे आले. संत्री नसलेली कर्कपेशी गिळलेले अल्ब्युमिन परत करत नाही. ते फोडून स्वतःच्या वाढीसाठी वापरते. शिवाय प्रतिकारक पेशींनाही कर्कपेशी ओळखण्यासाठी एफसीआरएनची मदत होते.

मग एफसीआरएन मोजला की झाले? नाही. आयजीए प्रतिपिंडे लाळेत, अश्रूंत आणि आतड्यात पोहोचवणारा पीआयजीआर नावाचा दुसरा ग्राही घ्या. यकृताच्या कर्करोगात तो वाढणे हे रोग पसरण्याशी जोडले गेले आहे. उलट बीजांडकोशाच्या कर्करोगात त्याच्या वाटे आत शिरलेले आयजीए गाठीची वाढ रोखते, असे २०२१ मधील संशोधनात दिसले. खूण तीच, अवयव बदलला की अर्थ बदलला.

म्हणून कोणत्याही जैवचिन्हकाला तीन प्रश्न विचारावेत. रोग आहे का, हे ते सांगते? रोग पुढे कसा वागेल, हे सांगते? की कोणते औषध लागू पडेल, हे सांगते? ट्रॅस्टुझुमॅब देण्यापूर्वी गाठीत हर-टू हे प्रथिन वाढले आहे का, ते पाहतात. ती तपासणी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते आणि रोजच्या उपचारात रुळली आहे. एफसीआरएन सध्या दुसऱ्या प्रश्नापाशी, संशोधनाच्या टप्प्यावर आहे. तोही रक्तात नव्हे, काढलेल्या ऊतकात पाहावा लागतो. तेव्हा रोग आहे का, या पहिल्याच प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही. खूण पक्की ठरवायला अनेक रुग्णांच्या अनेक वर्षांच्या काटेकोर नोंदी लागतात. या शहरातील किडवाई संस्थेत कर्करोगाची नोंदवही १९८२ पासून चालू आहे. अशा चिकाटीच्या कामाशिवाय वैद्यक पुढे सरकत नाही.

पालकांनाही एक विनंती. "एकाच तपासणीत सगळे कर्करोग ओळखा" अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरण्याआधी डॉक्टरांना हेच तीन प्रश्न विचारा. आणि न दुखणारी गाठ, तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला किंवा तोंडातील न भरणारी जखम असेल, तर कोणत्याही नव्या चाचणीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.