टॉपर आणि चॅम्पियन

१ मार्च २०२४ ची रात्र. सेशनल दोन दिवसांवर आलेली आणि आमच्या होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये पाय ठेवायला जागा नाही. मेसच्या काकूसुद्धा भांडी तशीच टाकून दारात उभ्या. प्रो कबड्डीच्या दहाव्या मोसमाची फायनल होती, हैदराबादला. पुणेरी पलटण विरुद्ध हरियाणा स्टीलर्स.

मी तेव्हा फर्स्ट इयरला. कबड्डीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं (तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला!). शाळेत बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट होतं, त्यामुळे एनबीए थोडंफार माहीत. कबड्डी फक्त रस्त्यावरच्या बॅनरवर पाहिलेली. माझी रूममेट आर्वीची, पाचवीपासून कबड्डी खेळणारी. तिला मी भाबडेपणाने विचारलं, "पलटण टेबलमध्ये पहिली आली ना? मग परत ही मॅच कशाला?"

ती म्हणाली, "काऊन वं, टॉपर आली म्हणून कप घरी नेऊन द्याचा का तिले?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही, आणि मागच्या गॅदरिंगनंतर तर तो फारच टोचायला लागला. त्याची गोष्ट शेवटी सांगते. आधी प्रश्न नीट समजून घेऊ.

त्या मोसमात १२ संघ होते. प्रत्येकाच्या साखळीत २२ मॅचेस. जिंकलं तर ५ गुण, बरोबरी झाली तर ३, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तर समाधानाचा १. पलटण १७ जिंकली, ३ बरोबरीत सोडवल्या, फक्त २ हरली. एकूण ९६ गुण. हिशेब करून बघा : ८५ अधिक ९ म्हणजे ९४. उरलेले २ गुण कुठून आले? म्हणजे ज्या दोन हरल्या त्याही थोडक्यात हरल्या! दुसरा आला जयपूर पिंक पँथर्स, ९२ गुणांवर.

आता प्लेऑफ. पहिले सहा संघ आत. पण सहाही जण सारखे नाहीत. पहिले दोन थेट सेमीफायनलला. तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा अशा दोन एलिमिनेटर. हरला तो घरी. २६ फेब्रुवारीला पाटणा पायरेट्सने दिल्लीला ३७-३५ असं हरवलं आणि हरियाणाने गुजरातला ४२-२५ असं लोळवलं. २८ तारखेच्या सेमीफायनलमध्ये पलटणने पाटण्याला ३७-२१ ने सहज काढलं. पण हरियाणाने ९२ गुणांच्या जयपूरला ३१-२७ ने घरी पाठवलं. म्हणजे टेबलमध्ये पाचवा आलेला संघ फायनलला!

फायनल अगदी चिवट झाली. पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण घेतले तेव्हा आमच्या टीव्ही रूमचं छप्पर उडायचंच बाकी होतं. तरीही शेवटी २८-२५. अडीच महिने सगळ्यांच्या पुढे असलेल्या संघाला पाचव्या क्रमांकाच्या संघापेक्षा फक्त तीन गुण जास्त. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारने कप उचलला. पलटणचा हा पहिलाच कप. आमच्याकडे मेसच्या ताटांचा बँड वाजला.

पण ते तीन गुण उलटे पडले असते तर? उलटे पडतातच. २०१९ मध्ये टेबलमध्ये पहिली दिल्ली, फायनल जिंकली बंगालने, ३९-३४. पुढच्या मोसमात पहिले पाटणा, आणि २५ फेब्रुवारी २०२२ ला दिल्लीने फायनल नेली, ३७-३६. एका गुणाने! डिसेंबर २०२२ मध्ये पलटणच फायनलला होती, पण इनामदार आणि मोहित गोयत दोघेही जखमी. जयपूर जिंकलं, ३३-२९. आणि २०२५ च्या फायनलमध्ये पलटण दिल्लीकडून ३१-२८ ने हरली. परत २८ गुण, परत तीनचा फरक. फक्त दिशा वेगळी.

इथे माझं बास्केटबॉल आठवलं. एनबीएवाले म्हणतात, एका मॅचवर विश्वास नको. त्यांच्याकडे साखळीत प्रत्येकी ८२ मॅचेस, मग १६ संघांच्या चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत जो आधी चार मॅचेस जिंकेल तो पुढे. म्हणजे जास्तीत जास्त सात. मग तर टॉपरच जिंकायला पाहिजे ना? २०१६ ला गोल्डन स्टेट वॉरियर्सने ८२ पैकी ७३ जिंकून विक्रम केला. फायनलमध्ये ३-१ ने पुढे होते. तिथून सलग तीन हरले आणि कप क्लीव्हलँडला गेला.

मग एके रात्री मी एम-थ्री ची वही उघडली. प्रॉबॅबिलिटी एकदाची कामाला आली! समजा एक संघ खरोखर सरस आहे आणि दर मॅच जिंकण्याची त्याची शक्यता ६० टक्के आहे. एकच मॅच ठेवली तर तो १०० पैकी ६० वेळा जिंकणार. तीनपैकी दोन जिंकायच्या असं ठेवलं तर जवळजवळ ६५ वेळा. आणि सातपैकी चार ठेवलं तर ७१ वेळा. बस्स! एवढा खर्च, एवढे दिवस, तरी सरस संघ १०० पैकी २९ वेळा हरणारच.

आता दुसरं गणित. त्याच ६० टक्केवाल्या संघाला कप घ्यायला सलग दोन मॅचेस जिंकायच्या असतील तर ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ३६ टक्के. सलग तीन असतील तर २२ च्याही आत. थेट सेमीफायनलला जाण्याची किंमत इथे कळते. साखळीत पहिलं येण्याचं बक्षीस कप नाहीच. बक्षीस आहे एक मॅच कमी, एक धोका कमी. पलटणला ते मिळालं आणि त्यांनी ते सत्कारणी लावलं. हरियाणाला तीन मॅचेस खेळाव्या लागल्या, तिसरी निसटली.

म्हणजे टेबल आणि प्लेऑफ हे एकाच प्रश्नाची दोन उत्तरं नाहीत. प्रश्नच वेगळे आहेत. टेबल विचारतं, "वर्षभर कोण चांगलं खेळलं?" प्लेऑफ विचारतो, "आज, या चाळीस मिनिटांत, कोण टिकलं?" आपल्याला हे नवीन नाही. सेशनलचे मार्क आणि सेमिस्टरचा पेपर यात दुसरं काय असतं?

आता ती गोष्ट. मागच्या गॅदरिंगला मुलींच्या कबड्डीत आमची टीम साखळीतल्या चारही मॅचेस जिंकली. (हो, रूममेटने मला चढाई शिकवली, गुडघे सोलून निघेपर्यंत.) फायनलला शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने पुढे. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, म्हणजे तिसरी 'करो या मरो' : गुण आणा नाहीतर बाद व्हा. ती चढाई माझी. समोर तिघीच उरलेल्या. ऐकायला सोपं वाटतं, पण तिघी किंवा कमी असताना पकड झाली तर ती सुपर टॅकल, दोन गुण. माझा घोटा सापडला. मध्यरेषा हातभर लांब राहिली. आम्ही एका गुणाने हरलो.

त्या रात्री मी जेवले नाही. "चार जिंकून काय उपयोग, आपण फालतूच होतो," असं बडबडत होते. रूममेट बाम चोळत म्हणाली, "त्या चार मॅचेस कोनी वापस नेल्या का तुह्या?"

वहीतलं गणित नंतर झालं, पण उत्तर तेच निघालं. फायनल हरलो म्हणून आम्ही वाईट ठरलो नाही. आणि ज्या जिंकल्या त्यांचा कपही खोटा नाही, त्या क्षणी त्यांच्या हातात बळ होतं.

काही जणी म्हणतात की यंदा फायनल बंद करा, टॉपरलाच कप द्या. मी याच्या विरुद्ध आहे. तसं केलं असतं तर मागच्या वर्षी कप आमचा होता, हे माहीत असूनही विरुद्ध आहे. फायनल नसेल तर टीव्ही रूम भरणार नाही आणि काकू भांडी टाकून येणार नाहीत. माझं स्पोर्ट्स कमिटीला एवढंच सांगणं आहे : साखळीत पहिल्या येणाऱ्या टीमला थेट फायनल द्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या टीमची सेमीफायनल घ्या. वर्षभराच्या मेहनतीचा मान राहील आणि शेवटच्या दिवसाची धडधडही.

आणि हो, 'करो या मरो' ची चढाई परत मलाच द्या. या वेळी बोनस रेषेवरून मागे वळायचं कधी, ते मला कळलंय!