टर्बो आणि इंजिनाचा मेंदू

घरच्या घरी मोटारीला टर्बोचार्जर बसवणारे हौशी लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत. १९८९ साली आलेली माझदाची छोटी उघडी मियाटा ही त्यांची आवडती गाडी. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोलही वाढले पाहिजे. पण गाडीच्या संगणकातील हिशेब टर्बोविना इंजिनाचा असतो. पेट्रोल कमी पडले किंवा ठिणगी फार लवकर पडली, तर मिश्रण अवेळी भडकून पिस्टन निकामी होऊ शकतो.

यावर मुख्यतः चार उपाय आहेत. पहिला व स्वस्त उपाय म्हणजे हवेबरोबर पेट्रोलचा दाब वाढवणारा नियामक. पण तो ठिणगीची वेळ बदलत नाही. दुसरा, संगणकाकडे जाणारे संदेश वाटेतच बदलणारी जोडपेटी. तिसरा, मूळ संगणकातील तक्ते नव्याने लिहिणे. हे नव्या गाड्यांना सोयीचे. चौथा, स्वतंत्र संगणक. ब्रूस बोलिंग व अल ग्रिपो यांनी २००१ साली काढलेला, सुटे भाग घरी जोडायचा ‘मेगास्क्वर्ट’ हा त्यातलाच.

मला चौथा पसंत आहे, कारण पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही आपल्या हाती येतात. मात्र तक्तेही आपणच भरायचे असतात. साध्या चालीत एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते. टर्बोचा दाब चढला की हे प्रमाण १२ च्या आसपास आणावे लागते. हे कानाला कळत नाही. म्हणून संगणक कोणताही घ्या, धुराच्या नळीतील प्राणवायू मोजणारे यंत्र आधी घ्यावे.